आधी एडिशन ठरवा, मग मरा!

डंजन्स अँड ड्रॅगन्स (फासे टाकत, पात्रं रंगवत खेळायचा कल्पनेतला खेळ) खेळायला जमलो की आधी काथ्याकूट: एडिशन, म्हणजे नियमांची आवृत्ती, कुठली? एकाला २००३ची साडेतीनच हवी, बेरजा करकरून डोकं उठलं तरी बेहत्तर. २००८च्या चौथीचं नुसतं नाव काढा, लगेच नाकं मुरडतात (मला आवडते, पण विचारतंय कोण!). शेवटी पाचवी ठरते, तर २०१४ची की २०२४ची? म्हणे दोन्ही एकत्र चालतात. कसली डोंबलाची चालतात! ऐन मारामारीत एकजण औषधाची कुपी प्यायला. जुन्या नियमात त्यात त्या खेपेची मुख्य चाल, म्हणजे अख्खी अ‍ॅक्शन जाते, नव्यात जादा छोट्या चालीवर, म्हणजे बोनस अ‍ॅक्शनवर भागतं. झालं, जुंपली! 'क्युअर वून्ड्स' या जखमा भरायच्या मंत्राला पहिल्या लेव्हलला आठ बाजूंचा फासा एक की दोन, यावर आणखी वेगळी. लढायला आलेले गॉब्लिन राक्षस बिचारे ताटकळत उभे. अरे, डीएम (डंजन मास्टर, ज्याच्या हाती खेळाची सूत्रं) मी आहे ना? मग मी म्हणेन ती एडिशन. नाहीतर काढा पत्ते, खेळा मेंढीकोट!