‘फुकट वकील फक्त आरोपीला’? मेसेज पुढे ढकलण्याआधी हे वाचा

‘सरकारी फुकट वकील फक्त फौजदारीतल्या आरोपीला मिळतो. त्यालाही बीपीएल कार्ड लागतं. वकील बिनकामाचा देतात आणि शेवटी लोकअदालतीत सही घेऊन हक्क घालवतात.’ हा मजकूर सध्या गावोगावच्या ग्रुपवर फिरतोय.

पहिलंच वाक्य चूक. फुकट वकील मिळतो तो १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने. त्यात कोर्टापुढची कोणतीही केस येते, न्यायाधिकरणापुढचीही येते, नुसता सल्लासुद्धा येतो. वाटणीचा दावा, पोटगी, घरमालकाशी वाद, अपघाताची भरपाई, काहीही. गैरसमज का होतो तेही कळतं: आरोपीला वकील नसेल तर कोर्ट स्वतःहून विचारतं. दिवाणीत तसं कुणी विचारत नाही, अर्ज आपणच करायचा असतो.

बीपीएल कार्डाची अट तर कायद्यात कुठेच नाही. कलम १२ वाचा. बाईमाणसाला उत्पन्नाची मर्यादाच नाही. नावावर चार एकर बागायत असली तरी ती अर्ज करू शकते. अनुसूचित जाती-जमाती, मुलं, अपंग, औद्योगिक कामगार, आपत्तीग्रस्त, कोठडीतली माणसं यांनाही उत्पन्न विचारत नाहीत. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांची मर्यादा आहे. त्यासाठी साधारणपणे प्रतिज्ञापत्र पुरतं, संशयाला कारण असेल तरच पुढची चौकशी. केसमध्ये प्रथमदर्शनी दम आहे का, हे मात्र पाहतात आणि ते पाहायलाच हवं.

वकिलांबद्दलच्या तक्रारीत तथ्य आहे. पॅनेलवरच्या, म्हणजे विधी सेवेच्या यादीतल्या वकिलांना मानधन तुटपुंजं, त्यामुळे कुणी जीव ओतून काम करतं, कुणी तारखेवर तारीख घेतं. पण म्हणून गप्प बसायचं कारण नाही. कारण लिहून द्या, वकील बदलून मागा. पॅनेलवरच्या वकिलाने पक्षकाराकडून फी घ्यायची नसते. ‘चहापाण्याचं बघा’ म्हणालाच, तर तक्रार लेखी करा.

लोकअदालतीचं अर्धंच सांगितलंय. तिथल्या निवाड्यावर अपील नाही, हे खरं. पण निवाडा होतो तो दोन्ही बाजूंच्या तडजोडीने. पटलं नाही तर सही करू नका, केस परत कोर्टात जाते. तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते, हे मेसेजवाले सोयीस्कर विसरले. वीज, विमा, दवाखाना अशा सेवांसाठीची कायम लोकअदालत निराळी. तिथे तडजोड फिसकटली तरी निकाल देता येतो. तिथे जाण्याआधी जरूर विचार करा.

अर्ज कुठे? तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते, जिल्हा कोर्टात प्राधिकरण. साध्या कागदावर लिहिलेला चालतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, तिथली माणसं लिहून घेतात. आधी फोनवर विचारायचं असेल तर १५१००. जाताना आधार कार्ड, आलेली नोटीस किंवा समन्स आणि जमिनीचा वाद असेल तर सातबारा न्या. नोटिशीवरची तारीख जवळ आली असेल तर ती पहिल्याच वाक्यात सांगा.