अनलोडर आवळला आणि प्रेशर आलं, मग बिघडलं काय?

दादा, प्रतिक्रिया खरमरीत आहे, पण मुद्द्याची आहे. म्हणून दोन ओळींत न उरकता सविस्तर लिहितो.

इतर वाचकांसाठी आधी संदर्भ. विषय गाड्या धुण्याच्या सेंटरवरच्या वॉशिंग पंपाचा. अनलोडर म्हणजे पाणी मारायची गन सोडली की पंपाचं पाणी बायपासच्या पाइपाने परत टाकीत वळवणारा, स्प्रिंगवर चालणारा व्हॉल्व्ह. 'वॉशिंग पंपाचं प्रेशर उतरलं तर अनलोडरला सगळ्यात शेवटी हात लावा' असं आम्ही मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर दादांचं म्हणणं असं: मिस्त्रीने अनलोडर दीड आटा आवळला आणि ११० बारवर उतरलेला प्रेशरचा काटा पाच मिनिटांत १५० वर गेला. संध्याकाळी रिले (मोटरवर जास्त लोड आला की ती बंद पाडणारं संरक्षण) दोनदा पडला, तेव्हा रिलेचा आकडा थोडा वाढवला, आता मशीन व्यवस्थित चालतंय. शिवाय लेखातल्याप्रमाणे ५० तासांनी पंपाचं ऑइल बदलणं ही उधळपट्टी आहे, 'ऑइल दुधाळ म्हणजे सील (पाणी अडवणारी कडी) गेलं' हे लेखातलं विधान चूक आहे, आणि गावाकडे एचटीपी पंप (बागेत औषध फवारणीचे) असले लाड न करता वर्षानुवर्षं चालतात.

यातला दुधाळ ऑइलचा मुद्दा तुमचा बरोबर आहे, त्याच्याकडे नंतर येतो. अनलोडरचा मात्र पटत नाही, आणि त्याचं कारण तुमच्याच प्रतिक्रियेत आहे: रिले.

तुमच्या पंपाच्या पाटीवर १५ लिटर, १५० बार आणि साडेसात एचपीची, म्हणजे साडेपाच किलोवॅटची, थ्री फेज मोटर आहे. पंप प्रेशर तयार करत नाही, तो फक्त मिनिटाला १५ लिटर पाणी ढकलतो. त्या पाण्याला नोझलच्या भोकातून जाताना जो अडसर होतो, तेच काट्यावर दिसणारं प्रेशर. १५ लिटरला १५० च्या आसपास यायचं तर ०५५ नंबरचं नोझल लागतं. नोझलवर २५०५५ असं कोरलेलं असेल, तर २५ अंशांचा फवारा आणि साइझ ०५५. भोक झिजून त्याचं क्षेत्रफळ १० टक्के वाढलं की तेवढ्याच पाण्याला १५० चे १२४ होतात. २० टक्के वाढलं की १०४. डोळ्यांना हा फरक दिसत नाही, म्हणून नोझल 'अजून चांगलं आहे' असं वाटत राहतं.

आता गंमत बघा. नोझल झिजलेलं असेल तर अनलोडर कितीही आवळा, काटा हलणार नाही, कारण सगळं पाणी आधीच नोझलमधून जातंय. तुमचा काटा हलला. म्हणजे नोझल दोषी नव्हतं, गन दाबलेली असतानाच पाणी बायपासमधून परत टाकीत जात होतं. आम्ही 'आधी नोझल बघा' म्हटलं होतं, तुमच्या बाबतीत नोझल निर्दोष निघालं, इथपर्यंत तुम्ही जिंकलात. पण पाणी बायपासला का जात होतं, हा प्रश्न मिस्त्रीने सोडवला नाही, दाबून टाकला.

कारणं थोडीच असतात. कंपनाने लॉक नट सैल होऊन सेटिंग फिरतं. हे सगळ्यात साधं, आणि तेवढंच असेल तर आवळणं योग्यच. पण बहुतेक वेळा अनलोडरच्या सीटवर (व्हॉल्व्ह टेकून बंद होतो त्या जागेवर) बोरच्या पाण्याचा क्षार बसलेला असतो, सीटला चरे पडलेले असतात किंवा आतली ओ-रिंग (रबरी कडी) कापलेली असते. तिथून पाणी गळतं आणि स्प्रिंग जास्त दाबून ती गळती तात्पुरती थांबते. गन सोडल्यावर मात्र अनलोडरने पटकन उघडायचं असतं, आणि आवळलेली स्प्रिंग ते उशिरा करते किंवा करतच नाही. पंप १५ लिटर ढकलतोय, गन बंद, वाट नाही. काटा १५० वरून २०० च्या पुढे जातो. २२० बारला नुसत्या पाण्याचंच काम साडेपाच किलोवॅट होतं, म्हणजे मोटरची पूर्ण ताकद, पंपातलं घर्षण वेगळंच. रिले पडला तो याच कारणाने, असा आमचा दाट संशय.

संध्याकाळी व्होल्टेज उतरतं, त्यानेही पडला असेल, असं तुम्ही म्हणाल. शक्य आहे. म्हणून एका वायरवर क्लँप मीटर (वायर न तोडता अँपिअर मोजणारा) लावा. गन दाबलेली असताना अँपिअर बघा, मग गन सोडा. अनलोडर ठीक असेल तर आकडा चटकन खाली येतो, मोटरचा आवाजही हलका होतो. वर चढला किंवा वर-खाली नाचत राहिला तर दोष बहुधा अनलोडरचा. गन दाबलेली असतानाच पाटीवरच्या आकड्याच्या वर असेल तर व्होल्टेज मोजा. रिले मात्र आजच्या आज मूळ जागी आणा: पाटीवरचा फुल लोड अँपिअर, त्याच्या वर नाही. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले डेल्टाच्या फेजमध्ये बसवलेला असेल तर त्याच्या ०.५८ पट. रिलेचा आकडा वाढवणं म्हणजे मोटर जळेपर्यंत कोणी ओरडू नये अशी सोय करणं.

बायपासची तपासणी फुकटात होते. बायपासचा पाइप टाकीतून काढून बादलीत सोडा आणि गन एक मिनिट दाबून धरा. बादलीत जेमतेम तांब्याभर पाणी आलं तर चालेल. तीन-चार लिटर आलं तर अनलोडर उघडायलाच हवा. बादली कोरडी राहिली आणि तरी प्रेशर कमी असेल, तर नोझल काढून गनचं पाणी एक मिनिट कॅनमध्ये मोजा. पूर्ण १५ लिटर भरलं तर बहुधा नोझल झिजलंय. नोझलशिवायही ११-१२ च आलं तर सक्शन, जाळी, बेल्ट आणि व्हॉल्व्ह, या क्रमाने बघा.

अनलोडर उघडताना मोटर बंद, मेन स्विच खाली, पाण्याचा कॉक बंद, आणि गन दाबून पाइपातलं प्रेशर सोडून द्या. सीटवर नख फिरवा. नख अडकलं तर सीट गेली, पॉलिश पेपर मारून उपयोग नाही, अनलोडरचं दुरुस्ती किट टाका. नुसता क्षार असेल तर सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात भिजवून काढा. टाइल्स धुण्याचं ॲसिड नको, ते पितळ खातं.

बसवल्यावर सेटिंग असं करा. नवं नोझल लावा, अनलोडर सैल करा, गन दाबून हळूहळू आवळत जा. एका जागी काटा चढायचा थांबेल, तिथून पाव आटा मागे घ्या. मग गन सोडा: काटा क्षणभर १६५ च्या आसपास उडाला तर ठीक, १८० च्या वर गेला तर अजून सैल करा. लॉक नट घट्ट करून रंगाचा ठिपका द्या, म्हणजे पुढे कोणी फिरवलं तर कळेल.

पाइप धडधड उड्या मारत असेल आणि काटा थरथरत असेल, तर तो अनलोडरचा विषयच नाही. पंपातल्या तीन प्लंजरना (पाणी ढकलणाऱ्या दांड्यांना) सहा व्हॉल्व्ह असतात, तीन सक्शनचे, तीन डिलिव्हरीचे, आणि त्यातल्या एकात काहीतरी अडकलेलं असतं. वाळूचा कण, क्षाराची खपली, आणि हे हमखास: टेफ्लॉन टेपचा धागा. टेप आट्याच्या टोकापर्यंत गुंडाळली की तिचा तुकडा सुटून थेट व्हॉल्व्हमध्ये बसतो. पहिले दोन आटे मोकळे ठेवा. आणि नोझल तुंबलं तर सुई किंवा ड्रिलने कोरू नका, भोक वाकडं होतं. भोकापेक्षा बारीक तार घ्या, मग उलट्या बाजूने पाणी मारा. तीही नोझल गनवरून काढल्यावरच. चालू नोझलसमोर बोट धरून 'प्रेशर बघणारी' पोरं बऱ्याच सेंटरवर असतात. ते पाणी कातडीतून आत शिरतं, वरून टाचणीएवढी जखम दिसते, आणि ती थेट हॉस्पिटलची केस असते.

आता ऑइल. पहिल्या ५० तासांत नवे भाग एकमेकांवर घासून बसतात, त्यांचा धातूचा बारीक चुरा ऑइलमध्ये उतरतो. म्हणून पहिला बदल लवकर. पुढचा बऱ्याच मॅन्युअलमध्ये ५०० तासांनी किंवा वर्षाने असतो. दिवसाला पाच तास खरी मोटर चालत असेल आणि महिन्याला २५ दिवस काम असेल, तर ५०० तास म्हणजे चार महिने. अशा पंपात ऑइल साधारण अर्धा लिटर मावतं. यात उधळपट्टी कुठे दिसते? ग्रेड मॅन्युअलमध्ये असेल तोच: काही कंपन्या १५डब्ल्यू-४० इंजिन ऑइल सांगतात, काही नॉन-डिटर्जंट ३० ग्रेड. शेजारच्या सेंटरवाल्याचं बघून भरू नका. ऑइलची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या मध्यापर्यंत भरा, त्याहून जास्त नाही.

दुधाळ ऑइलचं आम्ही सरसकट लिहिलं, ते चुकलं. पावसाळ्यात, कोकणात तर जास्तच, पंप तापतो-निवतो तेव्हा झाकणाच्या श्वासभोकातून दमट हवा आत जाते आणि आत दव धरतं. दुसरं कारण जास्त लाजिरवाणं आहे: संध्याकाळी पोरं त्याच गनने मशीनही धुतात आणि पाणी झाकणातून आत जातं. ओळखायचं असं: ऑइल बदला, झाकणावर फवारा मारणं बंद करा, रोज काच बघा. दोन-तीन दिवसांत पुन्हा चहासारखं झालं तर सीलच. महिनाभर स्वच्छ राहिलं तर दव किंवा झाकण. पंपाखालून मिनिटाला तीन थेंबांपर्यंत पाणी टपकणं काही मॅन्युअल चालवून घेतात. त्याहून जास्त झालं तर सील बदला, आणि उघडल्यावर सिरॅमिक प्लंजर उन्हात आडवा धरून चीर शोधा. कोरडा चालून तापलेल्या प्लंजरवर गार पाणी आलं की केसाएवढी चीर जाते, आणि तीच नवं सील आठवड्यात कापते.

एचटीपीची तुलना मात्र सोडा. तो पंप ३०-४० किलो प्रेशरवर आणि कमी आरपीएमवर चालतो, ग्रीस कप फिरवला की त्याचं पॅकिंग बरंच सांभाळून घेतं. द्राक्षबागेत फवारणीला उत्तम, दुचाकी धुवायलाही पुरतो. १५० बारच्या पंपाचं सील असं सांभाळून घेत नाही.

मूळ लेखात दुधाळ ऑइलचा परिच्छेद बदलतो आहोत, आणि 'अनलोडर शेवटी' च्या जागी 'आधी बायपासची बादली' असं करतो आहोत. तुम्ही तीन आकडे कळवा: बायपासच्या बादलीत मिनिटाला किती पाणी आलं, गन सोडल्यावर काटा कुठे गेला, आणि गन दाबलेली व सोडलेली असतानाचे अँपिअर. किट लागेल की नुसती साफसफाई पुरेल, ते त्यावरून सांगता येईल.