‘कबूल करी टाक, मिटी जाई’ : खरंच मिटतं का?

जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल करा, केस तिथेच संपते. रेकॉर्डला काही राहत नाही. कबुली दिली की अर्धी शिक्षा माफ. आणि नंतर वाटलंच तर अपील आहेच. चार वाक्यं, धड एकही नाही.

‘तिथेच संपते.’ आरोपी कबूल म्हणाला की कोर्टाचे हात बांधले गेले, असं होत नाही. सेशन्स खटल्यात, म्हणजे गंभीर गुन्ह्यांच्या खटल्यात, कबुली नोंदवावी लागते. पण तिच्यावरून दोषी ठरवायचं का, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या कायद्याचं, कलम २५२ न्यायाधीशांवर सोडतं. कसाबचं आठवा. २० जुलै २००९ ला त्याने भर कोर्टात कबुली दिली. सरकारी वकील आपल्या जळगावचे उज्ज्वल निकम. कबुली अर्धवट आहे, असं त्यांचं म्हणणं. न्यायाधीशांनी ती नोंदवून ठेवली आणि खटला पुढे चालवला. निकाल आला मे २०१० मध्ये.

आता बांधावरच्या भांडणाकडे या. कोर्ट विचारतं, गुन्हा कबूल आहे का? शेतकरी म्हणतो, “हाव साहेब, मी मारं, पन पहिले त्यानी काठी उगारी.” ही कबुली नाही, हा स्वसंरक्षणाचा बचाव आहे. समन्स केसमध्ये, म्हणजे कमी शिक्षेच्या साध्या खटल्यात, आरोपीचे शब्द शक्यतो जसेच्या तसे लिहा, असं त्याच संहितेचं कलम २७५ म्हणतं ते यासाठीच. ‘हाव’ एवढंच कागदावर आलं आणि काठी राहून गेली, तर माणूस दोषी ठरू शकतो.

‘रेकॉर्ड राहत नाही.’ राहतं. दंड हीसुद्धा शिक्षाच. यात्रेत पत्त्यांवर सापडलेला पोरगा दंड भरून सुटतो आणि दोन वर्षांनी सरकारी नोकरीच्या फॉर्मवर ‘कधी दंड झाला आहे का?’ या रकान्यापाशी अडतो. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली, म्हणजे शिक्षेऐवजी समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं, तर दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता टळते. पण तो लाभ मागावा लागतो, दंडाच्या पावतीसोबत मिळत नाही.

‘अर्धी माफ’ हे प्ली बार्गेनिंगचं, म्हणजे गुन्हा कबूल करून तडजोडीनं कमी शिक्षा घेण्याच्या सोयीचं, ऐकीव रूप. २००६ पासून ती सोय आहे, पण त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. सात वर्षांहून जास्त शिक्षेचे, तसेच स्त्रिया आणि लहान मुलांविरुद्धचे गुन्हे त्यात बसत नाहीत. अर्ज आला की न्यायाधीश आरोपीला एकट्याला विचारतात, तू हे राजीखुशीनं करतोयस ना?

राहिलं अपील. कबुलीवरून शिक्षा झाली, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१६ प्रमाणे अपील फक्त शिक्षा किती आणि ती कायदेशीर आहे का, एवढ्यापुरतंच. ‘मी मारलंच नव्हतं’ हे तिथं चालत नाही. कबुली समजून-उमजून दिलीच नव्हती, असं वरच्या कोर्टात म्हणता येतं खरं; पण तिथं पहिल्यांदा पाहतात ते खालच्या कोर्टात काय लिहिलं गेलं ते. काठी त्या कागदावर आहे का?