वस्तरा हलका, हात नाही

नाशिकच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. सकाळी गोल्फ क्लबवर चालणाऱ्या मंडळींकडून तो माझ्याकडे आला, आणि संध्याकाळपर्यंत पिंपळगावच्या मेव्हण्यानेही पाठवला. मजकूर थोडक्यात असा: खांद्याचं ऑपरेशन झालंय किंवा हात मोडलाय? मग ट्रिमर ठेवा बाजूला आणि आजोबांचा वस्तरा काढा. रोज वस्तऱ्याने दाढी केली की खांद्याला आपसूक व्यायाम होतो, फिजिओचे पैसे वाचतात. दुखरा हात गळ्यातल्या पाउचमध्ये ठेवून दुसऱ्या हाताने आठवड्यात जमतं. वस्तऱ्याला जोर लागत नाही, म्हणून तो साध्या रेझरपेक्षा सुरक्षित. काखही वस्तऱ्यानेच साफ ठेवा, टाके पिकणार नाहीत. कापलंच तर तुरटी आहे. आणि सलूनची पायरी चढू नका, तिथून रोग येतात. खाली हात जोडलेले.

वस्तऱ्याची बदनामी करण्यात मला रस नाही. घरात दोन आहेत आणि दोन्ही वापरात आहेत. पण हा मेसेज लिहिणाऱ्याने वस्तरा कधी फार हाताळला असेल असं वाटत नाही, आणि खांद्याचा पेशंट तर त्याने जवळून पाहिलेलाच नाही.

व्यायामाचं आधी बघू, कारण लोक भुलतात ते तिथेच. खांद्याची फाटलेली कंडरा (स्नायू हाडाला बांधणारी दोरी), म्हणजे डॉक्टर ज्याला रोटेटर कफ म्हणतात ती, हाडाला पुन्हा शिवली की साधारण 4 ते 6 आठवडे हात पाउचमध्ये असतो. शिवण घट्ट दिसली तरी कंडरा हाडाला नीट धरायला साधारण 12 आठवडे लागतात. या काळात फिजिओ व्यायाम देतात, पण कोणता? पुढे वाकून हात नुसता लोंबता सोडायचा आणि अंगाच्या हेलकाव्याने झुलवायचा. किंवा आडवं पडून चांगल्या हाताने दुखरा हात उचलायचा. दोन्हींत शिवलेल्या स्नायूने स्वतः काम करायचं नसतं. कोपर, मनगट, बोटं हलवायला सांगतात, ती कडक होऊ नयेत म्हणून.

दाढीत नेमकं उलटं होतं. कोपर अंगापासून सुटतं आणि हवेत तोललेलं राहतं. वस्तऱ्याचं वजन असेल 50-60 ग्रॅम, त्याचा प्रश्नच नाही. पण माणसाचा एक हात त्याच्या वजनाच्या सुमारे 5 टक्के भरतो. 70 किलोच्या माणसाचा हात साडेतीन किलोचा. तो गालापाशी अधांतरी धरायचं काम त्याच शिवलेल्या कंडरेवर येतं, आणि एकदा नाही, पुन:पुन्हा. आमचा मेव्हणा द्राक्षबागायतदार. मांडवाखाली दिवसभर हात वर करून विरळणी करणाऱ्याचा खांदा संध्याकाळी काय बोलतो, हे त्याला कुणी सांगायला नको. त्याने मेसेज पाठवला होता तो खाली ‘खरंय का हे?’ असं विचारूनच.

आता ‘दुसरा हात’. मेसेजवाल्याला वाटतं की दाढी एका हाताचं काम आहे. ट्रिमरने असेल. वस्तऱ्याने दाढी करताना एक हात पातं चालवतो आणि दुसरा कातडी ताणतो. कातडी सैल राहिली की पातं सरकायच्या ऐवजी अडतं आणि अडलं की कापतं. कल्ल्यापाशी सुरुवात करताना मोकळा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन कानाजवळची कातडी वर ओढतात. उजव्या हाताने वस्तरा धरणारा आरशात स्वतःला नीट बघेल तर त्याला दिसेल की दाढीतली सगळ्यात उंच हालचाल वस्तरा धरणाऱ्या हाताची नसतेच, ती ताणणाऱ्या हाताची असते. म्हणजे ऑपरेशन डाव्या खांद्याचं झालंय आणि मी उजव्याने वस्तरा धरतो, मग काय बिघडलं, असं म्हणणारा माणूसच डावा हात डोक्यावरून नेणार. ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यांत पेशंटने स्वतःच्या ताकदीने जे करायचं नाही, तेच हे.

आणि उजवा हात बांधलेला असेल तर? मग डाव्या हातात वस्तरा, कातडी ताणायला कुणीच नाही, आणि पात्याचा गालाशी कोन 30 अंशांच्या आसपास सांभाळायचा. हनुवटीच्या वळणावर हा कोन क्षणाक्षणाला बदलावा लागतो. दोन्ही हातांनी वस्तरा चालवणारे कसबी लोक आहेत, पण ते दुसऱ्या हाताचं शिक्षण दोन्ही खांदे धड असताना घेतात. शिवाय दाढीआधी वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायचा असतो. एका हाताने पट्टा ताणून धरायचा, दुसऱ्याने पातं मागेपुढे. पट्टा सैल पडला तर धार गोल होते. मेसेजमध्ये पट्ट्याचा उल्लेखच नाही, म्हणून लिहिणाऱ्याने वस्तरा कधी हाताळलाय का, अशी मला शंका आली.

हात मोडून कोपराखाली प्लास्टर असेल तर खांदा मोकळा असतो, हे कबूल. पण बऱ्याच प्लास्टरांत मनगट आणि पंजा उलटासुलटा फिरवणं बंद असतं, आणि वस्तऱ्याचं सगळं कसब तिथेच आहे.

‘जोर लागत नाही’ हे वाक्य तेवढं खरं आहे. धारदार वस्तरा दाबावा लागत नाही. पण त्यावरून तो सुरक्षित कसा ठरतो? साध्या रेझरमध्ये पात्याचा कोन आणि बाहेर निघालेली धार दांड्यातच बांधलेली असते. हाताच्या कसबावर जे अवलंबून होतं ते तिथे यंत्रावर सोपवलेलं असतं. एक हात निकामी असताना आपल्याला नेमकं तेच हवं असतं. त्याहून बरा बॅटरीचा ट्रिमर: कोपर टेबलावर टेकवा, मान हलवा, हात नको. आणि ऑपरेशनच्या दिवशी नस बधिर करायचं इंजेक्शन दिलं असेल तर हात बारा-पंधरा तास, कधी दिवसभरही, आपला नसतो. वरून दुखणं कमी करणाऱ्या काही गोळ्यांनी पेंग येते. त्या अवस्थेत उघडं पातं हातात घ्यायचा सल्ला फॉरवर्ड करणाऱ्यांना मी काय म्हणू?

काखेचा मुद्दा मात्र मला सगळ्यात धोकादायक वाटतो, कारण तो स्वच्छतेचा आव आणतो. वस्तरा असो वा ब्लेड, कातडीवर डोळ्यांना न दिसणारे बारीक ओरखडे उठतात आणि जंतूंना दार मिळतं. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांत ऑपरेशनआधीसुद्धा ऑपरेशनच्या जागेचे केस ब्लेडने काढू नका, काढायचेच तर क्लिपरने, म्हणजे केस कापायच्या यंत्राने कापा, असं आहे. खांद्याच्या बाबतीत तर आणखी एक अडचण. क्युटिबॅक्टेरियम अॅक्नेस नावाचा जंतू खांद्याच्या आणि काखेच्या कातडीत केसांच्या मुळाशी, तेलग्रंथींत मुक्कामाला असतो, आणि खांद्याच्या ऑपरेशननंतर होणाऱ्या इन्फेक्शनमध्ये त्याचं नाव वारंवार येतं. त्याच्या घराशेजारी वस्तरा चालवून टाके सुरक्षित राहतील कसे? काख स्वच्छ ठेवायची पद्धत सोपी आहे: डॉक्टरांनी पाउच काढायला परवानगी दिली की पुढे वाका, हात अंगापासून सुटू द्या, ओल्या फडक्याने पुसा आणि कोरडं करा. केस राहू द्या.

तुरटी बारीक कापल्याचं रक्त थांबवते, बस. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तेवढंही लवकर होईलच असं नाही.

राहिलं सलून. रोगाची भीती अगदीच खोटी नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू अंगाबाहेर निदान 7 दिवस तग धरतो, त्यामुळे पातं न बदलता गिऱ्हाईकामागून गिऱ्हाईक करणारा कारागीर टाळाच. पण आता बहुतेक सलूनमधला वस्तरा म्हणजे अर्धं ब्लेड अडकवायचा दांडा. ब्लेड तुमच्यासमोर कागदातून काढून मोडायला सांगा, कुणी वाईट मानत नाही. रामकुंडावर उकिडवं बसून, उघड्यावर, दिवसभर क्षौर करणारे लोक ज्या गावात आहेत, तिथे ताज्या ऑपरेशनच्या माणसाने बाथरूमच्या ओल्या फरशीवर एका हाताने सर्कस का करावी? खुर्चीत बसवत नसेल तर ओळखीचा कारागीर घरीही येतो. आणि तेही नको असेल तर दाढी वाढवा. अख्खा श्रावण दाढी न करणारी माणसं आपल्याच घरांत आहेत, त्यांना त्यात काही वाटत नाही.

सलूनमध्ये जपायचं ते वेगळ्याच गोष्टीला, आणि मेसेजमध्ये तिचा पत्ताच नाही. दाढी आटोपली, तोंड पुसलं की कारागिराचे हात सवयीने मानेवर आणि खांद्यावर येतात. दोन थापा, एक दाब, मग मान कडकन मोडणं, आणि शेवटी दंड धरून एक झटका. तो प्रेमाने करतो, पण त्या एका झटक्याने शिवण उसवू शकते. म्हणून कोणत्या खांद्याचं ऑपरेशन झालंय आणि मालिश अजिबात नको, हे कापड अंगावर टाकायच्या आधीच सांगा. एकदा कापड पडलं की त्याखालचा पाउच कुणाला दिसत नाही.