‘ऑक्सिमीटर पेनालाही ९८ दाखवतं’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

थंडी पडली, घरोघरी ताप-खोकला सुरू झाला की मराठवाड्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक जुना मेसेज नव्यानं फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: बोटाला लावायचं ऑक्सिमीटर पेनालाही ९८ दाखवतं, म्हणून घरी मोजमाप करणं हा शुद्ध वेडेपणा. दहा सेकंद श्वास रोखता आला की फुफ्फुसं ठणठणीत. दम लागलाच तर कापूर-ओव्याची पोटली हुंगा. आणि ताप उतरला की सुटलात. असल्या मेसेजवर विसंबून माणसं दुखणं अंगावर काढतात, म्हणून हे सविस्तर उत्तर.

आधी पेनाचं बघू. ऑक्सिमीटर बोटातून लाल आणि इन्फ्रारेड असे दोन प्रकाश सोडतं. ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं रक्त ते वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं, आणि नाडीच्या ठोक्यागणिक हे शोषण कमी-जास्त होतं. त्यावरून रक्तातल्या ऑक्सिजनचा टक्का निघतो, तोच यंत्रावरचा आकडा. जपानचे ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात ही युक्ती शोधली. पेन अडकवलं की हाताची थरथर किंवा बाहेरचा उजेड यालाच यंत्र नाडी समजू शकतं. माणसाच्या बाबतीत पडताळा सोपा आहे. मनगटाची नाडी मिनिटभर मोजा आणि यंत्रावरच्या ठोक्यांशी ताडून पाहा. जुळत नसेल तर ऑक्सिजनचा आकडाही धरू नका. नेलपॉलिश पुसा, गार बोटं चोळून ऊब आणा, हात हलवू नका, आकडा स्थिरावू द्या.

यंत्राच्या खऱ्या मर्यादा मात्र मेसेजात कुठंच नाहीत. आकडा दोन-तीन अंकांनी इकडंतिकडं होऊ शकतो. गडद कातडीवर तो खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो, हे २०२० साली अमेरिकेतल्या अभ्यासात पुढं आलं. शिवाय रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजननं किती भरलंय एवढंच ते सांगतं. मुळात हिमोग्लोबिन किती आहे हे सांगत नाही. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. अशा बाईचा आकडा ९७ आला आणि तिला चार पावलांत धाप लागत असेल, तर तिच्या धापेवर विश्वास ठेवायचा.

श्वास रोखण्याची परीक्षा तर घातकच. श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळं. विषाणूच्या न्यूमोनियात सुरुवातीला तो बाहेर पडत राहतो आणि ऑक्सिजन मात्र घसरतो. म्हणून कोविडमध्ये ऑक्सिजनचा आकडा ८५ पर्यंत घसरलेली माणसं फोनवर नीट बोलत होती. दहा सेकंदांच्या चाचणीत असा माणूस पास होईल. ही चाचणी खोटी आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्येच सांगितलं होतं.

त्यापेक्षा श्वास मोजा. रुग्ण बाजेवर पडलेला असताना, त्याला न सांगता, छाती-पोटाची हालचाल बघत घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट. सांगितलं की माणूस श्वास बदलतो. मोठ्या माणसाचा आकडा २४ किंवा वर गेला तर दवाखाना. एक ते पाच वर्षांच्या लेकराला ४० ही धोक्याची रेघ, दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतल्याला ५०. लेकराच्या बरगड्यांखालचा भाग श्वासागणिक आत ओढला जात असेल तर मोजत बसू नका, निघा.

‘यंत्रानं काही होत नाही’ म्हणणाऱ्यांना एक गोष्ट आपणहून देते. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात दोन हजारांवर कोविड रुग्णांवर झालेला आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. घरी असलेल्या सगळ्यांना दिवसातून दोनदा मेसेजवर दम लागतोय का, असं विचारलं जायचं. त्यातल्या काहींना वर ऑक्सिमीटरही दिलं. दोन्ही गटांत काही फरक पडला नाही. पण यावरून देखरेख फुकट ठरत नाही, कारण देखरेख दोन्हीकडं होती. रोज दोनदा कुणीतरी विचारतंय आणि उत्तर बिघडलं की पुढं हलवतंय, हेच तिचं मर्म. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत २०२० साली आशाताई दारोदार हेच करत होत्या. घरात यंत्र नसेल तर हे विचारणं दुप्पट गरजेचं.

पोटलीबद्दल फार लिहायला नको. कापरानं नाकाला गार वाटतं, श्वास मोकळा झाल्यासारखा भासतो. रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. तोच कापूर लेकराच्या पोटात गेला तर झटके येऊ शकतात.

राहिला ताप. कोविडमध्ये बिघाड बहुधा पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान व्हायचा, ताप उतरल्यावरसुद्धा. म्हणून पहिल्या लक्षणापासून दिवस मोजा, आणि सकाळ-संध्याकाळ तारीख, वेळ, ताप, नाडी, श्वास, ऑक्सिजन एका कागदावर लिहा. डॉक्टरला त्या कागदावरून एका नजरेत कळतं की घसरण कधी सुरू झाली. आकडा ९४ च्या खाली आला तर तासाभरात पुन्हा दोनदा बघा. खालीच राहिला, दम वाढला, छातीत दुखलं किंवा माणूस बरळू लागला की १०८ लावा. बरळणं किंवा दम असेल तर आकड्याची वाटही बघू नका. किनवटकडच्या तांड्यावरून नांदेड गाठायला रात्री तीन-एक तास सहज जातात, तेव्हा संध्याकाळी ९२ दिसलेल्या माणसाला ‘सकाळी बघू’ म्हणून झोपवू नका.