टेंडर देणं म्हणजे खेळाडू ठेवणं नव्हे

दर मार्चला आमच्या बॉस्टनच्या मराठी मित्रमंडळीत एकच वाद पेटतो: पॅट्रियट्सनी, म्हणजे आमच्या इथल्या अमेरिकन फुटबॉल संघाने, अमक्या बचावपटूला टेंडर देऊन ठेवावं का? आणि दर मार्चला मी त्यांच्या जुन्या बचावपटूचं, माल्कम बटलरचं नाव काढतो. यंदा एकदाच सगळं नीट लिहून टाकतो.

क्रिकेटवर वाढलेल्यांसाठी आधी नियम. अमेरिकन फुटबॉलमध्ये तीन हंगाम झालेल्या खेळाडूचा करार संपला की तो ‘रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट’ होतो. जुना संघ त्याला एका वर्षाचं, ठरीव रकमेचं टेंडर देतो. दुसऱ्या संघाने जास्त देऊ केलं, तर तेवढंच देऊन त्याला थांबवायला जुन्या संघाकडे पाच दिवस असतात. त्याला जाऊ दिलं, तर नव्या संघाने बदल्यात ड्राफ्टमधली (संघ पाळीपाळीने कॉलेजचे नवे खेळाडू निवडतात ती फेऱ्यांची प्रक्रिया) आपली निवड द्यायची. द्यायची की नाही आणि कितव्या फेरीतली, ते टेंडरच्या पातळीवर ठरतं. चार हंगाम झालेला मात्र मोकळा.

खरी मेख पुढे आहे. ड्राफ्टमध्ये निवडल्या गेलेल्या पोरांचा पहिला करार चार वर्षांचा असतो. ज्यांना कुणीच निवडलं नाही, त्यांचा तीन वर्षांचा. म्हणजे हा फास बहुतेक वेळा त्यांच्याच गळ्यात पडतो, जे आधीच दाराबाहेर ताटकळून आत आलेत.

बटलर असाच आला. मिसिसिपीतल्या व्हिक्सबर्गचा मुलगा. मधल्या काळात कॉलेज सुटलं तेव्हा पोपाइज या फास्ट-फूडच्या दुकानात काम केलं, मग वेस्ट अलाबामासारख्या छोट्या कॉलेजकडून खेळला. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये त्याला कुणी घेतलं नाही. पॅट्रियट्सनी चाचणीला बोलावून ठेवून घेतलं. आणि १ फेब्रुवारी २०१५ ला, सुपर बोलमध्ये म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, समोरचं सिअ‍ॅटल गुण मिळवण्याच्या रेषेपासून एका यार्डावर उभं असताना, अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ उरलेला असताना त्याने त्यांच्या रसेल विल्सनने टाकलेला पास मधेच उडी मारून पकडला. २८-२४. आमच्या घरात त्या रात्री कुणी झोपलं नाही. लेकाला २१ नंबरची जर्सी आणली, ती तो शाळेतसुद्धा घालून जायचा.

पुढच्या दोन वर्षांत बटलर प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्याला निवडला गेला, संघाचा पहिल्या नंबरचा कॉर्नरबॅक (पास अडवणारा बचावपटू) झाला, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये आणखी एक सुपर बोल आला. मग आला मार्च. संघाने बफेलो संघाच्या कॉर्नरबॅकला, स्टेफन गिलमोरला, पाच वर्षांसाठी साडेसहा कोटी डॉलर दिले. बटलरला पहिल्या फेरीचं टेंडर, एका वर्षाचे ३९ लाख १० हजार डॉलर. तो न्यू ऑर्लिन्सच्या संघाला भेटून आला, पण त्याच्या बदल्यात पहिल्या फेरीतली निवड द्यायला ते काही तयार झाले नाहीत. एप्रिलमध्ये त्याने निमूट सही केली.

ज्यांनी इथे एच-१बीवर वर्षं काढली त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. ग्रीन कार्डाची फाइल सुरुवातीच्या टप्प्यात असताना दुसरीकडून चांगली ऑफर येते, आणि आपण हिशोब करतो की सोडलं तर सगळं पहिल्यापासून. मीही एकदा अशी ऑफर नाकारली आहे. काम मी तसंच चोख केलं, पण पुढची दोन वर्षं त्या ऑफिसात मन नव्हतं. कोट्यधीश खेळाडूची आणि आपली तुलना कसली, असं कुणी म्हणेल. पैशांची नाहीच करत. दोरी दुसऱ्याच्या हातात असण्याची करतोय.

संघाची बाजू मी नाकारत नाही. गिलमोर सोनं निघाला. २०१९ मध्ये लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. बटलरला पुढे टेनेसीच्या संघाने पाच वर्षांचा, जास्तीत जास्त ६ कोटी १० लाखांचा करार दिला, आणि तिथे त्याचा खेळ त्या रकमेला शोभेल असा सातत्याने झाला नाही. म्हणजे आकडेवाले म्हणतील, एक वर्ष स्वस्तात वापरला, योग्य वेळी सोडला. पण त्या स्वस्त वर्षाचा शेवट आठवा. संपूर्ण हंगाम जवळजवळ प्रत्येक डावात मैदानावर असलेल्या माणसाला ४ फेब्रुवारी २०१८ च्या सुपर बोलमध्ये बचावात एकदाही उतरवलं नाही. राष्ट्रगीताच्या वेळी त्याच्या डोळ्यांतलं पाणी सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. समोरच्या ईगल्सनी आपल्या बचावाविरुद्ध ५३८ यार्ड काढले. ४१-३३ ने आपण हरलो. त्या निर्णयामागचं कारण टेंडरच होतं असं मी म्हणणार नाही. पण त्या रात्री तो स्वतःच म्हणाला की संघाने माझ्यावरचा विश्वास सोडला, आणि मला त्या वाक्याची सुरुवात आदल्या मार्चमध्येच दिसते.

म्हणून माझं मत असं: ड्राफ्टबाहेरून आलेला पोरगा तीन वर्षांत तुमचा मुख्य बचावपटू झाला असेल, तर मार्च उजाडण्याआधी त्याच्याशी तीन-चार वर्षांचा करार करा. तेवढा विश्वास नसेल तर टेंडर खालच्या पातळीचं द्या, म्हणजे दुसऱ्या संघाला त्याला नेणं परवडेल. बदल्यात दुसऱ्या फेरीतली निवड मिळाली तरी घ्या आणि हात मिळवून निरोप द्या. बटलरला २०१७ मध्ये ठेवायलाच हवं होतं, गिलमोरच्या शेजारी, करार देऊन. तेवढे पैसे मोकळे करायचे नव्हते तर न्यू ऑर्लिन्सचा रस्ता सोपा करून द्यायचा होता. पहिल्या फेरीची पाटी गळ्यात अडकवून, कमी पगारावर, वर्षभर आपल्याच दारात उभं करून ठेवणं हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

लेक आता कॉलेजात आहे. २१ नंबरची जर्सी त्याला कधीचीच लहान झाली, पण मी ती कुणाला दिलेली नाही.