काका, कमानीचं तुमचं उदाहरण मला पटलं, पण…

काका, (कर्नाटकात निपाणीकडं दोन वेळा पंचायत सदस्य होतो असं लिहिलंय तुम्ही, म्हणून काकाच म्हणते) तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘पंचायतीत तरुण सदस्य वाढले की पैसा वाचनालयाकडं वळेल’ हे माझ्या लेखातलं वाक्य तुम्हाला भाबडं वाटलं. तुमचं म्हणणं असं की निधी वरूनच बांधून येतो, मग सदस्याचं वय बघून काय उपयोग?

निधीचं खरं आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) अनुदानातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच जायचे. लेखात हे यायला हवं होतं, माझं चुकलं. पण उरलेल्या ४० टक्क्यांतून क्रिया योजनेत (पंचायतीच्या वर्षाच्या कामांच्या यादीत) काय चढायचं, ते आमच्या खानापूर भागातल्या एका वॉर्डसभेत बसून बघितलंय मी. साठीतल्या सदस्यांनी पहिल्यांदा स्मशानशेड मागितली. मागणी खोटी नव्हती. आमच्याकडच्या पावसात सरणावर ताडपत्री धरून उभं राहायला लागतं, आणि खांदा द्यायला तीच माणसं असतात. वाचनालयाचं नाव काढलं ते सत्तावीस वर्षांच्या सदस्य बाईंनी. त्यांची बहीण देवळाच्या कट्ट्यावर बसून परीक्षेचा अभ्यास करायची. ज्याला रोज जे सोसावं लागतं, तेच तो मागणार ना?

तुमच्या गावच्या अठ्ठावीस वर्षांच्या पंचायत अध्यक्षानं निवडणुकीच्या तोंडावर कमान बांधली, हे मात्र मला टोचलं. इटलीतल्या नगरपालिकांचा असाच अभ्यास झालाय. थोडक्या मतांनी निवडून आलेल्या महापौरांची तुलना केली, तर तरुण महापौरच निवडणुकीआधी खर्च वाढवतात आणि वरून जास्त अनुदान खेचून आणतात असं दिसलं. त्यांच्यापुढं अजून बऱ्याच निवडणुका असतात, म्हणून. म्हणजे तरुण वय वाचनालय मागतं, तसंच कमानही बांधतं. ही दुसरी बाजू मी बघितलीच नव्हती.

एका गोष्टीवर मात्र मी ठाम आहे. घरपट्टीवर ६ टक्के वाचनालय कर आपणच भरतो, आणि २०१९ पासून गावची वाचनालयं पंचायतीकडंच आहेत. अरिवु केंद्र म्हणतात ती हीच. त्याचा हिशेब सभेत विचारणारं कुणीतरी हवंच, आणि आमच्या सभेत तो त्या एकट्या बाईंनी विचारला.

‘वळेल’ हा शब्द लेखातून आज काढते. कमान मंजूर झाली त्या वर्षी यादीतलं कुठलं काम गळालं, तेवढं मला कळवा. तेही लेखात घालते.